आधी गाडी, मग पाणी

गायकवाडकाकांबरोबर जुनी गाडी बघायला जायचं तर एक गोष्ट ते निघतानाच सांगून ठेवायचे. तिथं कुणी पाणी दिलं तर तुम्ही खुशाल प्या, लक्ष मात्र माझ्याकडं ठेवा. गाडी बघून झाल्यावर मी पाणी मागितलं, तर गाडी घ्यायला हरकत नाही. पाणी न पिता उठलो, तर तुम्हीही उठायचं. रस्त्यावर येईपर्यंत का म्हणून विचारायचं नाही.

खूण इतकी साधी की ती लपून राहणं शक्यच नव्हतं. अंबरनाथ, बदलापूर आणि उल्हासनगरच्या एक ते पाच नंबरांच्या कॅम्पांत जुन्या गाड्या विकणाऱ्यांनाही ती पाठ झाली होती. काका गाळ्यात शिरले की पोऱ्याच्या आधी शेठ स्वतः पाण्याचा ग्लास घेऊन पुढे यायचा. काका ग्लासाकडे बघून म्हणायचे, "आधी गाडी, मग पाणी." आणि ग्लास तसाच टेबलावर राहायचा.

आमची बिल्डिंग अंबरनाथला, बुवापाड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर. काका आणि सुशीलाकाकू आमच्या समोरच्या दारात. मी नगरपालिकेच्या शाळेत शिकवते, म्हणून काका मला 'बाई' म्हणत. मी त्यांच्या मुलीच्या वयाची. काका, नावानं हाक मारा हो, असं मी कितीदा तरी सांगितलं. "शाळेच्या माणसाला नावानं हाक नाही मारवत," म्हणाले, आणि विषय संपला. त्यांचे सगळे विषय असे एका वाक्यात संपत. मला बडबडीची सवय, त्यामुळे सुरुवातीला मला हा माणूस तुसडाच वाटला होता.

काका फॅक्टरीत इन्स्पेक्शनला होते. बनून आलेला माल हातात घ्यायचा, निरखायचा आणि पास करायचा नाहीतर बाजूला टाकायचा, हेच काम त्यांनी उभा जन्म केलं. निवृत्त झाल्यावरही शर्टाच्या बाह्या मनगटापर्यंत, खिशात बॅटरी, आणि बोटं पुसायला वेगळा रुमाल. जिन्याचा कठडा हलतोय, पाण्याच्या टाकीचं झाकण नीट बसत नाही, हे सोसायटीला तेच सांगायचे. एकदा मी म्हटलं, काका, तुम्हाला सगळ्यात खोटच कशी दिसते? त्यांना राग आला नाही. म्हणाले, "पास करणं सोपं असतं, बाई. सही केली की झालं. पण पुढं तो तुकडा फुटला, तर तिथं मी नसतो. दुसराच कुणीतरी असतो."

बिल्डिंगमधल्या कुणीतरी त्यांना एकदा जुनी गाडी बघायला सोबत नेलं आणि मग ते लोण पसरलं. त्यांची बघायची तऱ्हा ठरलेली. मालकाशी बोलायच्या आधी बॉनेटवर तळहात. गरम लागलं की कपाळाला आठी. "आपण यायच्या आधी चालू करून ठेवलीय. थंड गाडी चालू होताना काय बोलते, ते आपल्याला ऐकू द्यायचं नव्हतं." मग गाडी उन्हात घ्यायला लावायची आणि मागच्या कोपऱ्याशी उकिडवं बसून एक डोळा मिटून पत्र्यावरून नजर टाकायची. पत्र्यात समोरचा विजेचा खांब सरळ दिसला तर ठीक, मध्येच वाकला तर तिथं ठोकून लांबी, म्हणजे पुट्टी, भरलीय. मग पेडलचं रबर बघायचं. मीटरचा आकडा मागं फिरवता येतो, झिजलेलं रबर कसं फिरवणार? सगळ्यात शेवटी चक्कर. मालकानं चालवायची, घेणाऱ्यानं त्याच्या शेजारी बसायचं, आणि काका मागच्या सीटवर मधोमध, डोळे मिटून. पुढं बसा म्हटलं तर म्हणत, "पुढं रस्ता दिसतो. मागं गाडी ऐकू येते." पुढच्या सीटवर बसलेलं मी त्यांना कधी पाहिलं नाही.

माझ्या धाकट्या भावाला, संजयला, गाडी घ्यायची होती तेव्हा मीही सोबत गेले होते. कॅम्प चारमध्ये मोहनभाईंचा गाळा. मोहनभाई सिंधी, गोड बोलणारा माणूस, निम्मं मराठी निम्मं हिंदी. गाडी पांढरीशुभ्र, आतून नव्यासारखी. बॉनेट थंड, पत्रा सरळ, रबर बरं. संजय तर मनात हार घालून मोकळा झाला होता. काकांनी मागच्या सीटचा बेल्ट धरला आणि ओढायला लागले. ओढतच राहिले. बेल्ट शेवटपर्यंत बाहेर आला, तेव्हा त्याच्या मुळाशी वीतभर भाग मातकट निघाला. काकांनी तो नाकाशी नेला.

"साईं, पानी तो पियो," मोहनभाई म्हणाले.

"नको मोहनभाई. हिनं प्यायलंय भरपूर."

बाहेर आल्यावर त्यांनी संजयला समजावलं. बदलापुरात नदी घरांत शिरली तेव्हा कितीतरी गाड्या टपापर्यंत बुडाल्या. त्या धुतल्या, वाळवल्या, नवीन कव्हरं घातली आणि दुसऱ्या गावात विकायला ठेवल्या. सगळं धुतात, पण गुंडाळलेला बेल्ट शेवटपर्यंत ओढून धुवायचं कुणाच्या डोक्यात येत नाही. गंमत म्हणजे मोहनभाईंनी राग धरला नाही. पुढे ते स्वतः गाडी विकत घ्यायच्या आधी काकांना फोन करायचे. "साईं, आओ, प्यासे बैठो थोडी देर," म्हणायचे.

पाण्याचं हे काय खूळ आहे, ते मी त्यांना एकदा विचारलं. आम्ही दोघं गच्चीवर वाळवणं राखत होतो. काकूंनी कुरडया घातल्या होत्या. काकांनी एक कावळा हाकलला. मग म्हणाले, "माझा बाप गावाकडं विहिरी खणायचा. खडक फोडून पाणी लागलं की त्याला वर घ्यायचे. नारळ फुटायचा, पहिलं पाणी गाव प्यायचं. माझ्या बापाला मग वरून ओंजळीत ओतायचे. मी बघितलंय ते."

मी हातातली कुरडई खाली ठेवली.

"म्हणून कुणी घरात बसवून ग्लासात पाणी दिलं ना बाई, आणि मी ते प्यालो, तर तो माणूस मला आपला वाटायला लागतो. मग त्याच्या वस्तूला वाईट कसं म्हणू? जीभ उचलत नाही. त्यापेक्षा आधी काम."

यात रागाचा सूर नव्हता. कुरडया उलटत सांगितलं त्यांनी. त्या दिवसापासून मी या माणसाला तुसडा म्हणणं सोडून दिलं.

सुशीलाकाकू त्यांच्या अगदी उलट. भरपूर बोलायच्या, भरपूर हसायच्या, आणि नवऱ्याची थट्टा हा त्यांचा हक्काचा विषय. दोन्ही किडन्या गेल्या तेव्हाही त्यांनी त्याची गोष्टच केली. "ह्यांनी जन्मभर माल रिजेक्ट केला, आता घरातलाच निघाला बघा," असं मला म्हणाल्या आणि स्वतःच हसल्या. मला काही हसू आलं नाही.

एक दिवसाआड डायलिसिस. सेंटर कॅम्प चारमध्ये, आणि जायचं रिक्षानं. फोनवरून गाडी मागवावी तर सकाळच्या त्या वेळेला कुणी येत नसे. आलीच तर बुटकी गाडी. तिच्यात शिरताना काकूंना कमरेत वाकावं लागे, आणि बाहेर काढताना काका आणि ड्रायव्हर दोघांनी ओढावं लागे. येताना त्यांच्या अंगात जीव नसायचा. रिक्षाच्या आडव्या दांडीला एका हातानं धरायच्या, आणि सुया टोचलेला दुसरा हात छातीशी घट्ट. खड्डा आला की डोळे मिटून घ्यायच्या. काका शेजारी त्यांच्या पाठीमागे हात घालून बसत.

तेव्हा ठरलं की आपली गाडी घ्यायची. पैसे बाजूला काढलेले होते, काकांना चालवता येत होती, अडचण कसलीच नव्हती. कोणती घ्यायची हेही काकूंनीच सांगितलं. उंच टपाची, छोटी, चौकोनी. दार उघडलं की सीट समोर कमरेच्या उंचीला येते, वर चढायला नको, खाली पडायला नको. नाव त्यांच्या लक्षात राहत नसे. "तो डबा हो," म्हणायच्या. "मला तो डबाच घ्या. त्यात माणूस बसल्यासारखं बसतं."

नवी का नाही घेतली, असं आमच्या ह्यांनी विचारलं होतं. काका म्हणाले, "नवीला नंबर लावावा लागेल, दोन-तीन महिने जातील. जुनी लगेच मिळते." 'लगेच' म्हणाले होते ते. मला चांगलं आठवतं.

मग दर रविवारी डबा बघायला जाणं सुरू झालं. दुसऱ्यांच्या गाड्या बघताना काका कडक होतेच, पण काकूंसाठी बघायला लागले तेव्हा काही विचारू नका. एका गाडीचा क्लच जड. एकीचा मालक तिसरा. एकीच्या डिकीत स्टेपनीखाली गंज. एकीचा आवाज त्यांना आवडला नाही. कसला आवाज ते सांगता येईना, पण नाही आवडला. ज्या गाडीवर त्यांनी माझ्या भावासाठी डोळे झाकून पाणी मागितलं असतं, तीही या परीक्षेत नापास. "रस्त्यात बंद पडली तर?" म्हणायचे. "डायलिसिसहून येताना, भर उन्हात, हिला घेऊन कुठं उभा राहू?"  

घरी आले की ते चप्पल काढून थेट स्वयंपाकघरात जायचे. उन्हातान्हातून दिवसभर बिनपाण्याचे. काकूंना डॉक्टरांनी पाणी मोजून दिलेलं होतं, दिवसभरात जेमतेम दोन-तीन पेले, त्यातच औषधं गिळायची. म्हणून काका त्यांच्यासमोर कधी पाणी पीत नसत. पण माठाचं झाकण वाजायचंच. ते वाजलं की पलंगावरून काकूंचा आवाज यायचा, "नाही ना?"

"नाही."

"अति शहाणा, त्याचा बैल रिकामा," काकू म्हणायच्या. माझ्याकडे बघून डोळे मिचकावायच्या, पण पुढेपुढे ते मिचकावणं कमी झालं.

त्याच दिवसांत शिर्क्यांचं प्रकरण झालं. शिर्के काकांचे फॅक्टरीतले जुने दोस्त, एका डब्यात जेवलेले. राहायला बदलापूरला. त्यांची गाडी आमच्या शाळेतल्या एका सरांना घ्यायची होती. दोस्ताचीच गाडी, काका नुसते नावाला येतील, असं सगळ्यांनी धरलं होतं. काकांनी डिकीतलं कार्पेट उचललं. खाली पत्र्याला वेल्डिंगचा जोड होता. गाडी मागून जबर ठोकली गेली होती. शिर्क्यांना ते माहीत असावं किंवा नसावं, त्यांनीही ती जुनीच घेतलेली. शिर्क्यांच्या नंदावहिनी ट्रेमध्ये पाणी आणि रव्याचे लाडू घेऊन उभ्या होत्या.

"गायकवाड, पाणी तरी घे," शिर्के म्हणाले. खूण त्यांनाही ठाऊक होती.

"नको."

वहिनी ट्रे घेऊन तशाच उभ्या राहिल्या. काका बाहेर पडले. शिर्क्यांनी त्यानंतर त्यांच्याशी बोलणं टाकलं.

काकूंना हे कळलं तेव्हा मी तिथेच होते. त्या नवऱ्यावर चिडलेल्या मी त्याआधी कधी पाहिल्या नव्हत्या. "गाडी नाही म्हणा. शंभरदा नाही म्हणा. पण नंदाच्या हातचं पाणी टाकून आलात? तुमच्या बापाला लोकांनी काय केलं ते विसरलात?" काका खाली मान घालून बसले. 

दुसऱ्या दिवशी डायलिसिस नव्हतं. काकू मला म्हणाल्या, "बाई, शाळेतून आलात की माझ्याबरोबर बदलापूरला चला." रिक्षानं. मी नको नको म्हटलं, पण त्यांनी ऐकलं तर ना. त्या रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा मी त्यांच्या चेहऱ्यावर बघितला. शिर्क्यांच्या दारात उतरल्यावर दोन मिनिटं त्यांना उभंच राहता येईना, मी धरून ठेवलं. आत गेल्या, खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "नंदा, पाणी दे गं." नंदावहिनींनी भरलेला ग्लास आणला. काकूंनी तो एका दमात रिकामा केला. निम्म्या दिवसाचं पाणी होतं ते. रात्रीच्या गोळ्या त्यांनी एका घोटावर गिळल्या असणार. त्या दोघी मग इकडचं तिकडचं बोलल्या, गाडीचा विषय कुणी काढला नाही, आणि निघताना नंदावहिनींनी लाडवांचा डबा दिला. परतताना रिक्षात मी म्हटलं, काकू, कशाला एवढा त्रास? त्या दांडी धरून म्हणाल्या, "त्यांची खोट मला ठाऊक आहे. पण मी त्यांना कधीच पास करून टाकलंय ना." आणि पुढचा खड्डा आला.

थंडी संपत आली तेव्हा कॅम्प पाचमधल्या गाडीचा पत्ता मोहनभाईंनी दिला. परसराम दादा नावाचे सिंधी म्हातारे गृहस्थ, डोळ्यांमुळे गाडी चालवणं बंद झालेलं. गाडी अगदी तशीच, उंच, चौकोनी, एकच मालक. या वेळी काकू हट्टानं सोबत आल्या, आणि त्यांना धरायला मी. काकांनी बॉनेटवर हात ठेवला. थंड. इंजिन एका किल्लीत चालू. बेल्ट मुळापर्यंत स्वच्छ. काकांचा चेहरा हळूहळू सैल होत होता. मला वाटलं, झालं एकदाचं.

दादा काकूंना म्हणाले, "बैठके देखो ना बेटी. मेरी घरवाली भी इसीमें अस्पताल जाती थी."

काकूंनी डावं दार उघडलं. आधी बसल्या, मग पाय आत घेतले, कुणाचा हात न धरता. पदर सारखा केला, दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि समोर बघत राहिल्या. समोर नुसती गल्ली होती, एक कपड्यांचं दुकान आणि उभी सायकल. "बाई, दार लावा," म्हणाल्या. मी लावलं. काच खाली करून मला म्हणाल्या, "बघा. बसल्यासारखं वाटतं." मग दादांच्या सुनेला हाक मारून म्हणाल्या, "पोरी, पाणी मिळेल का गं थोडं?"

काका तेव्हा मागच्या दारापाशी उकिडवे बसले होते. त्यांनी मान वर केली. "अगं, अजून बघून व्हायचंय."

"माझं झालं बघून," काकू म्हणाल्या. सुनेनं पाणी आणलं आणि त्या गाडीत बसूनच प्यायल्या.

काका मात्र त्या मागच्या दारापाशी अडले होते. तिथला रंग बाकीच्या रंगापेक्षा किंचित वेगळा होता. दादा म्हणाले, गेटला घासली होती, म्हणून रंगवून घेतली. काका म्हणाले, असेल, पण पुढच्या रविवारी गॅरेजवाल्याला आणतो, वर उचलून खालून बघू, मग नक्की करू.  उतरताना काकूंनी सीटच्या पाठीवर एकदा हात फिरवला. घरी आल्यावर माठाचं झाकण वाजलं. पलंगावरून आवाज आला नाही.

पुढच्या रविवारी काका गॅरेजवाल्याला घेऊन गेले तेव्हा गाडी विकली गेली होती. कल्याणच्या कुणीतरी बुधवारीच नेली. दादांनाच वाईट वाटलं. "आपकी घरवालीने पानी पिया, मैं समझा बात पक्की," म्हणाले. "फिर आपका फोन नहीं आया."

पावसाळ्याच्या आधी काकू गेल्या. सेंटरमध्ये छातीत दुखायला लागलं, तिथून दवाखान्यात हलवलं, दोन दिवसांत संपलं. गाडी असती तर वाचल्या असत्या, असं मी म्हणणार नाही. डॉक्टरही तसं म्हणाले नाहीत. पण त्या शेवटच्या सकाळीसुद्धा त्या रिक्षातूनच गेल्या, दांडी धरून, हे मी माझ्या खिडकीतून बघितलंय. मी स्पष्टच सांगते, मला काकांचा फार राग आला होता. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला भन्ते वंदना म्हणत होते, मंडपात शिर्के आणि नंदावहिनीही येऊन बसले होते, आणि माझ्या डोळ्यांसमोर दाराचा तो वेगळा रंग. एवढ्यासाठी? माणसानं एवढ्यासाठी अडून बसावं? पण समोर काका बसले होते, मनगटाशी बाह्या बंद केलेले, आणि त्यांच्या तोंडाकडे बघून राग धरून ठेवणं मला जमेना.

त्यानंतर ते कुणाचीही गाडी बघायला गेले नाहीत. फोन आला की "आता नाही" म्हणायचे. मोहनभाई एकदा घरी येऊन बसून गेले. जिन्याचा कठडा पुन्हा हलायला लागला होता, त्याबद्दलही ते काही बोलले नाहीत.

वर्षभरानं माझ्या सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं. नंतर महिनाभर फिजिओथेरपीला न्यायचं, पाय वाकणार नाही, म्हणजे गाडी उंच हवी. बदलापूरला एक आहे असं कळलं, उंच टपाची, चौकोनी. आमचे हे म्हणाले, काकांना विचारू नकोस, उगाच जखमेवरची खपली काढायची. मी विचारलं. दारातच विचारलं. काका थोडा वेळ चौकट धरून उभे राहिले, मग आत जाऊन चष्मा आणि रुमाल घेऊन आले. बॅटरी घेतली नाही.

बदलापूरला मालक म्हणजे एक तरुण जोडपं. गाडी खाली कंपाउंडमध्ये उभी. मी काकांच्या हाताकडे बघत होते, की आता बॉनेटवर जाईल. हात गेला नाही. ते गाडीपर्यंतही गेले नाहीत. पायरीवर बसले आणि त्या मुलीला म्हणाले, "पोरी, पाणी मिळेल का गं थोडं?"

ह्यांनी माझ्याकडे बघितलं, मी ह्यांच्याकडे. मुलगी आत गेली, ग्लास घेऊन आली. काकांनी तो दोन्ही हातांनी घेतला आणि सावकाश, संपेपर्यंत प्याला. मग उठले. सवयच ती, मागच्या कोपऱ्याशी उकिडवे बसले, एक डोळा मिटला, पत्र्यावरून बोटं फिरवली. एका ठिकाणी बोटं थांबली. 

"बाई, मागच्या दाराला रंग मारलाय."

"मग?"

रुमालानं ते बोटं पुसत राहिले. "ऑपरेशन कधी आहे म्हणालात सासूबाईंचं?"

"गुरुवारी."

"मग आजच न्या," काका म्हणाले.

आम्ही नेली. अजून ती दाराशी आहे आणि एकदाही रस्त्यात बंद पडलेली नाही. पडलीही असती, तरी चाललं असतं.

पुढे त्यांची मुलगी त्यांना नाशिकला घेऊन गेली. जायच्या दिवशी कल्याणला आगगाडीवर सोडायला आम्ही आमच्याच गाडीनं गेलो. काका सवयीनं मागचं दार उघडायला लागले. मी म्हटलं, "काका, आज पुढं बसा. मागं आम्ही बायका बसतो." ते डाव्या दारापाशी थांबले. दार उघडलं. सीट आपल्या मांडीला कुठं लागते ते उभ्यानं लावून बघितलं. मग आधी बसले आणि मागून एकेक पाय आत घेतला, काकूंनी घेतले होते तसे. मी दार लावलं.

उल्हासनगर मागे पडलं. एक मोठा खड्डा आला, गाडी हलली. पुढच्या सीटवर काका दोन्ही हात मांडीवर ठेवून ताठ बसले होते. मान न वळवता म्हणाले, "सुशीला बरोबर म्हणत होती, बाई. बसल्यासारखं वाटतं."

मग त्यांनी खिशातला रुमाल काढला. बोटं पुसायचा नाही, दुसरा.